कॉमेंट राखाडी का?

कोशातल्या एकेका नोंदीत मूळ शब्द, उच्चार, व्युत्पत्ती, अर्थच्छटा आणि अवतरणं अशी काही दाटीनं बसलेली असतात, की पडद्यावर नुसता अक्षरांचा गोळा दिसावा. १९८०च्या दशकात ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी संगणकावर आणायचं काम निघालं, तेव्हा ‘आयबीएम’च्या माइक काउलिशॉ यांनी त्यासाठी १९८५मध्ये ‘लेक्स’ हा एडिटर लिहिला. टाइप होता होताच कुठला तुकडा काय आहे हे तो ओळखायचा आणि त्याप्रमाणे रंग द्यायचा. हीच युक्ती प्रोग्रामच्या मजकुरालाही चालली. आज जिला सिंटॅक्स हायलायटिंग म्हणतात, तिचा हा एक सुरुवातीचा नमुना. म्हणजे प्रोग्रामरच्या रंगांचं एक मूळ कोशकारांच्या टेबलाशी आहे.

आपल्याकडे अनेकांना हे रंग पहिल्यांदा दिसले ते बोरलँडच्या टर्बो सी++मध्ये. निळा पडदा, पिवळी अक्षरं, पांढरे कीवर्ड. जग पुढे निघून गेलं तरी इंजिनिअरिंग कॉलेजांच्या लॅबमध्ये तो निळा पडदा वर्षानुवर्षं टिकून होता. ‘ऑप्शन्स’ मेनूत रंग बदलायची सोय होती. पण प्रॅक्टिकल उरकून जर्नलवर सही घ्यायच्या गडबडीत तिकडे फिरकणार कोण?

रंगांचा कारभार आतून कसा चालतो हे पाहायचं तर विम हा एडिटर उघडावा. ब्राम मोलेनार या डच प्रोग्रामरनं तो १९९१मध्ये प्रसिद्ध केला आणि १९९८च्या पाचव्या आवृत्तीत त्यात सिंटॅक्स हायलायटिंग आलं. मोलेनार २०२३मध्ये गेले, पण त्यांची मांडणी अजून तशीच चालू आहे. तिच्यात दोन कामं वेगळी ठेवलेली आहेत: हा तुकडा काय आहे ते एकानं सांगायचं, त्याला कुठला रंग द्यायचा ते दुसऱ्यानं. कॉमेंट म्हणजे कोडात माणसांसाठी लिहिलेली टीप. सीची कॉमेंट, पायथॉनची कॉमेंट, एचटीएमएलची कॉमेंट, सगळ्या शेवटी ‘कॉमेंट’ नावाच्या एकाच गटाला जोडलेल्या. त्या गटाचा रंग ‘हायलाइट’ कमांडनं एकदा बदलला, की सगळ्या भाषांत बदलतो.

नवखा माणूस अडकतो तो पुढच्या पायरीवर. तो आपली हायलाइटची ओळ कॉन्फिग फाइलमध्ये हौसेनं लिहितो आणि काहीच बदलत नाही. कारण त्याच फाइलमध्ये खाली एखादी तयार कलरस्कीम लावलेली असते आणि ती लागताना आधीचे सगळे रंग पुसून टाकते. तेव्हा आपली ओळ तिच्या खाली हवी. त्याहून पक्का उपाय म्हणजे कलरस्कीम बदलली की आपोआप चालणाऱ्या ऑटोकमांडमध्ये ती टाकायची. दुसरी अडचण टर्मिनलची. तिथे बराच काळ २५६ रंगच असायचे: १६ मूळचे, २१६ मिश्रणाचे, २४ राखाडीच्या छटा. २०१६च्या आठव्या आवृत्तीपासून विमला टर्मिनलमध्येही सुमारे १ कोटी ६७ लाख रंगांची दारं उघडली. व्हीएस कोड या एडिटरमध्ये हेच काम सेटिंग्जच्या फाइलमध्ये होतं. गटांऐवजी तिथे टेक्स्टमेट एडिटरकडून आलेले ‘स्कोप’ असतात, एवढाच फरक.

आता मूळ प्रश्न: कॉमेंट राखाडी का? विमच्या स्वतःच्या रंगांत कॉमेंट निळसर असते. ती राखाडी करण्याची चाल लोकप्रिय थीम्सनी रुळवली. विमर हाझेनबर्ग यांची मोनोकाय २००६ची, इथन शूनोव्हर यांची सोलराइज्ड २०११ची. सोलराइज्डचे सोळा रंग तर डोळ्याला जाणवणाऱ्या उजेडाचा हिशेब मांडून निवडलेले, फार देखणे. पण वेबवरच्या मजकुरासाठी सुगम्यतेचा प्रचलित निकष अक्षर आणि पार्श्वभूमी यांत किमान ४.५ : १ इतका उठाव मागतो. सोलराइज्डच्या गडद रूपात कॉमेंटचा उठाव सुमारे २.८ भरतो, मोनोकायमध्ये ३च्या आसपास. कोडची अक्षरं ठसठशीत, आणि आधीच्या माणसानं आपल्या भाषेत लिहून ठेवलेला निरोप मात्र डोळे ताणून वाचायचा!

हे मला उलटं वाटतं. ‘इफ’ आणि ‘रिटर्न’ हे शब्द रोज दिसतात, ते भडक गुलाबी करून काय साधतं? ही ओळ इथे का आहे, कुठल्या ग्राहकाच्या कुठल्या हट्टापायी आहे, हे फक्त कॉमेंटमध्ये कळतं. दुसरी बाजूही आहे. कोड बदलतो, कॉमेंट जुनी राहते आणि खोटं बोलू लागते. म्हणून तिला मुद्दाम मागे ढकलणारे अनुभवी लोक भेटतात. विचार करून ढकलली असेल तर माझी तक्रार नाही. पण बहुतेकांच्या पडद्यावर ती थीमबरोबर आयती आलेली असते.

रंगांनी वाचन सोपं होतं का, यावरही एकमत नाही. केंब्रिजमध्ये अद्वैत सरकार यांनी २०१५मध्ये अवघ्या दहा जणांच्या नजरेचा माग घेतला. रंगांमुळे वेळ वाचला, पण अनुभव वाढेल तसा फायदा कमी. २०१८मध्ये जर्मनीतल्या अभ्यासकांनी जावा शिकणाऱ्या ३९० विद्यार्थ्यांना तपासलं, तर बरोबर उत्तरांच्या प्रमाणात रंगांनी म्हणण्यासारखा फरक पडला नाही. प्रोग्रामर रॉब पाइक यांच्या ॲक्मी एडिटरमध्ये तर सिंटॅक्सचे रंगच नाहीत, आणि त्यावाचून त्यांचं काही अडलेलं नाही.

पण काहींसाठी रंग बदलणं ही हौस नसते. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत सुमारे ८ टक्क्यांना लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही, आणि गिट हे साधन कोडमधले बदल दाखवताना काढलेली ओळ लाल तर घातलेली हिरवी दाखवतं. ओळीच्या सुरुवातीला अधिक-उणे चिन्हं असतात म्हणून निभावतं. हिरव्याच्या जागी निळा आणि लालच्या जागी पिवळा घालायला गिटच्या कॉन्फिगमध्ये दोन ओळी पुरतात.