चढाईपटू बाहेरून आणावा का?

चैत्र लागला की भोर आणि वेल्ह्याच्या गावोगावी जत्रा सुरू होतात. पालखी, छबिना, कुस्त्यांचा आखाडा, आणि बऱ्याच ठिकाणी रात्री दिव्यांच्या उजेडात कबड्डीचे सामने. सामन्यांची पत्रकं छापून यायच्या आधीच मंडळाच्या बैठकीत वाद पेटलेला असतो : यंदा बाहेरून एखादा चढाईपटू आणायचा का? एक जण म्हणतो, एकच आणू, पण गाजलेला आणू. दुसरा विचारतो, मग आपल्या पोरांनी वर्षभर अंग कशाला मोडून घेतलं? दोघांच्याही म्हणण्यात तथ्य असतं. गावातली कितीतरी तरणी पोरं शिरवळच्या, खेड शिवापूरच्या कारखान्यांत पाळीवर असतात, काही पुण्या-मुंबईला. सात जण जमवतानाच मंडळाची दमछाक होते. समोरच्या गावानं मात्र नावाजलेला गडी आणल्याची बातमी आलेली असते.

‘एक गाव, एक संघ’ अशी अट असेल तर प्रश्न मिटतो. नसेल तर वर्गणीतल्या पैशांचा आणि पोरांच्या मनाचा मामला होतो. म्हणूनच हा निर्णय कसा तोलावा हे नीट पाहायला हवं.

आधी खेळाचा नियमच बघू, कारण सगळं गणित तिथं आहे. चढाईपटू पकडला गेला की समोरच्याला गुण मिळतो आणि त्यांचा बाद झालेला एक गडी आत येतो. आपला चढाईपटू मात्र बाहेर जाऊन बसतो, आणि त्याला स्वतःच्या हिमतीवर परत येता येत नाही. साथीदारांनी चढाईत कुणाला तरी बाद केलं किंवा समोरच्याची पकड केली तरच तो जिवंत होतो. तेही ज्या क्रमानं गडी बाद झाले त्याच क्रमानं. त्याच्याआधी दोन जण बाहेर असतील तर तिसऱ्या गुणापर्यंत थांबायचं. बोनसचा गुण फलकावर लागतो, पण त्यानं कुणीही जिवंत होत नाही. म्हणजे २० मिनिटांच्या डावात तुमचा महागडा चढाईपटू किती वेळ मैदानात असेल, हे तुमचा डावा कोपरा आणि दुसरा चढाईपटू ठरवतात. बाहेरचा खेळाडू निवडताना मंडळं त्याच्या उड्या बघतात. त्याला जिवंत कोण करणार, हा प्रश्न बैठकीत क्वचितच निघतो.

प्रो कबड्डीच्या लिलावात हाच प्रश्न कोटींच्या भाषेत येतो, आणि तिथले आकडे सगळ्यांसमोर असल्यानं शिकता येतं. २०२२ मध्ये तमिळ थलैवाजनं पवन सेहरावतला २ कोटी २६ लाखांना घेतलं. तेव्हा संघाला खर्चाची मर्यादा होती ४ कोटी ४० लाख, म्हणजे निम्म्याहून जास्त रक्कम एका माणसावर. पहिल्याच सामन्यात त्याचा गुडघा दुखावला आणि हंगाम संपला. थलैवाज तिथंच कोसळायला हवे होते, पण नरेंदर नावाच्या तरुण चढाईपटूनं भार उचलला आणि संघ उपांत्य फेरीत गेला. तिथं त्यांना पुणेरी पलटणनं ३९-३७ असं हरवलं. पुढच्या वर्षी तेलुगू टायटन्सनं पवनसाठी २ कोटी ६० लाख ५० हजार मोजले. तो हंगामभर खेळला, चढाईत दोनशेहून अधिक गुण मिळवले, आणि टायटन्स २२ पैकी २ सामने जिंकून तळाला राहिले. एका वर्षी पवन नसताना संघ वर गेला, दुसऱ्या वर्षी असून तळाला. पवनच्या गुणवत्तेबद्दल यातून काही वाईट सिद्ध होत नाही. तो आपल्या काळातला मोठा चढाईपटू आहे. टायटन्सकडे त्याला आत आणणारं कुणी नव्हतं, एवढंच.

आपल्या मातीतलं उदाहरण सिद्धार्थ देसाईचं. चंदगड तालुक्यातल्या हुंदळेवाडीचा हा गडी. २०१८ मध्ये यू मुंबानं त्याला ३६ लाख ४० हजारांना घेतलं. त्यानं दोनशेहून अधिक चढाईगुण मिळवले आणि मुंबा बाद फेरीत पोचले. लगेच पुढच्या वर्षी टायटन्सनं १ कोटी ४५ लाखांची बोली लावली. त्या वर्षीही त्याचे गुण दोनशेच्या वरच होते, पण टायटन्स बाद फेरीच्या जवळपासही नव्हते. गडी तोच, गुण जवळपास तेवढेच. फरक असा की मुंबाच्या डाव्या कोपऱ्यात फझल अत्राचली होता. फझलनं पकड केली की सिद्धार्थ आत, इतकं ते सरळ होतं. पुढं खांद्याच्या दुखापतीनं सिद्धार्थचा एक हंगाम जवळजवळ वाया गेला. उडी मारून सुटणाऱ्या, चार जणांना ओढत रेषा गाठणाऱ्या चढाईपटूचं अंग ही मोठी जोखीम असते, आणि ती बोलीच्या आकड्यात दिसत नाही.

पुणेरी पलटणची गोष्ट मला सर्वांत बोलकी वाटते. या संघानंही मोठ्या नावांवर पैसे घातले होते. २०१८ मध्ये नितीन तोमरसाठी १ कोटी १५ लाख दिले, आणि दुखापतींनी त्याला फार काळ खेळू दिलं नाही. मग २०२१-२२ च्या हंगामात नवोदितांमधून घेतलेले दोन पोरगे पुढं आले : अहिल्यानगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार आणि हरियाणाचा मोहित गोयत. राहुल चौधरीसारखं प्रस्थापित नाव संघात असताना व्यवस्थापनानं या दोघांवर विश्वास टाकला. पंकज मोहिते होताच. चढाईची फळी घरात तयार झाल्यावर, २०२३ मध्ये पलटणनं मोठा पैसा बाहेर काढला, आणि तो चढाईपटूवर लावला नाही. २ कोटी ३५ लाख देऊन त्यांनी इराणचा मोहम्मदरझा शादलुई आणला, डावा कोपरा सांभाळायला. त्यानं त्या हंगामात पकडीचे ९९ गुण मिळवले, स्पर्धेत सर्वाधिक. पलटण गुणतक्त्यात पहिली आली आणि १ मार्च २०२४ ला हैदराबादेत हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवून पहिल्यांदा विजेती झाली. समोरच्या संघात सिद्धार्थ देसाई होता, १ कोटीला घेतलेला.

शादलुईचा पुढचा प्रवासही पाहण्यासारखा. पलटणनं त्याला सोडलं, हरियाणानं २ कोटी ७ लाखांना घेतलं, आणि २९ डिसेंबर २०२४ ला आपल्या बालेवाडीतच, पाटणा पायरेट्सला हरवून तो सलग दुसऱ्यांदा विजेत्या संघात होता. त्याच हंगामात अस्लम जायबंदी झाला आणि पलटण बाद फेरीला मुकली. घरचा गडी म्हणजे बिनजोखमीचा, असंही नाही. मग २०२५ मध्ये गुजरात जायंट्सनं शादलुईसाठी २ कोटी २३ लाख मोजले. गुजरातला पहिल्या आठांतही जागा मिळाली नाही. पाटण्यासाठी तीनशेवर चढाईगुण मिळवणाऱ्या देवांक दलालला बंगालनं सव्वादोन कोटींच्या आसपास घेतलं होतं, त्यांचंही तेच झालं. बांधून झालेल्या संघाला बाहेरचा खेळाडू वर नेतो. विस्कटलेल्या संघाचा तो संघ करू शकत नाही.

अमेरिकेत कॉलेजच्या फुटबॉलमध्ये हा प्रश्न सध्या फार तापलेला आहे. तिथं क्वार्टरबॅक हा चढाईपटूसारखाच, सगळा डाव त्याच्या हातातून जातो. २०१८ पासून बदली मागणाऱ्या खेळाडूंची खुली नोंद सुरू झाली आणि २०२१ पासून पहिल्या बदलीनंतर एक वर्ष बाहेर बसण्याची अटही गेली. सगळे दाखला देतात तो जो बरोचा. ओहायो स्टेटमध्ये त्याला फारशी संधी मिळाली नाही, म्हणून तो २०१८ मध्ये लुइझियाना स्टेटला गेला. पहिलं वर्ष बरं गेलं, एवढंच. दुसऱ्या वर्षी, २०१९ मध्ये, त्यानं ६० टचडाऊन पास दिले आणि संघ १५ पैकी १५ सामने जिंकून विजेता झाला. या गोष्टीतलं पहिलं वर्ष लोक विसरतात. नव्या संघात मुरायला बरोलाही एक हंगाम लागला, आणि जत्रेसाठी आणलेल्या खेळाडूकडून आपण दोन रात्रींत तेवढीच अपेक्षा धरतो.

गावच्या मंडळाकडे ना कोटी असतात, ना आकडेवारी ठेवणारी माणसं. तरी विचारता येण्यासारखं बरंच असतं. त्यानं मागच्या जत्रेत कोणता चषक जिंकला यापेक्षा तो किती वेळा पकडला गेला, हे ज्यांनी बघितलं त्यांना विचारावं. दोन चढाया रिकाम्या गेल्यावर तिसऱ्या, ‘करो या मरो’ चढाईत तो काय करतो, ते तर विचारावंच. भले भले तिथं घाई करतात. मॅटवर तयार झालेला असेल तर आपल्या मातीवर त्याचा पाय कसा पडतो ते एकदा तरी सरावाला बोलावून पाहावं. वजनगटाची स्पर्धा असेल तर वजन उतरवण्यासाठी तो उपाशी तर नाही ना, हे बघावं. तसा गडी दुसऱ्या डावात पायांतून संपतो. आणि सामन्यात मोडलाच तर दवाखान्याचा खर्च कुणाचा, हे मानधनाच्या आधी बोलून घ्यावं. कुणाच्या तरी घरचा कर्ता पोरगा तो. त्याला गुडघा फुटलेल्या अवस्थेत रात्री गाडीत बसवून पाठवणं कुठल्याही गावाला शोभत नाही.

याहून नाजूक गोष्ट घरच्या पोराची. बाहेरचा चढाईपटू आला की गावातल्या दोन नंबरच्या चढाईपटूला फक्त वेळ काढायच्या चढाया मिळतात, आणि तीन नंबरचा बाकावर जातो. तो वेल्ह्यातल्या एखाद्या वाडीवरून चालत सरावाला आलेला असतो. पुढच्या वर्षी तो येत नाही. हा तोटा जमाखर्चाच्या वहीत कुठंच दिसत नाही, पण तीन-चार जत्रांनंतर मंडळ सात जण शोधत फिरतं ते याच कारणानं. पलटणनं अस्लम आणि मोहितला खेळवलं नसतं, तर शादलुईसाठी मोजलेले सव्वादोन कोटींवरचे पैसे कुणाच्या जोरावर वसूल झाले असते?

म्हणून बाहेरचा खेळाडू आणूच नये, असं मी म्हणणार नाही. चांगला गडी चार दिवस सोबत खेळला तर पोरं खूप काही उचलतात. पाय कुठं टाकायचा, नजर कुठं ठेवायची, हे बघूनच येतं. पण एकच आणायचा असेल, तर भोर-वेल्ह्याच्या मंडळांनी चढाईपटूऐवजी कोपरारक्षक आणावा. डोंगर चढून-उतरून पाय तयार झालेली, चपळ पोरं आपल्याकडे आहेत. चढाईला उमेदवार मिळतात. कमी पडतो तो घोट्याला हात घालून जागेवर बसवणारा, साखळी धरायला शिकवणारा अनुभवी गडी. तो स्वस्तात मिळतो, कारण पत्रकावर फोटो चढाईपटूचा लागतो. त्याच्या प्रत्येक पकडीनं आपला एक पोरगा परत मैदानात येतो आणि त्याला आणखी एक चढाई मिळते.