वाडा पडतो तो पाण्याने

गुलमंडी, औरंगपुरा, बेगमपुरा या जुन्या छत्रपती संभाजीनगरातून हिंडताना मधूनच एखादा बंद वाडा दिसतो. काळ्या दगडाचे जोते, सागवानी खांब, वर माळवद म्हणजे मातीचे सपाट छत, आणि दाराला गंजलेले कुलूप. ‘आता पाडण्यावाचून इलाज नाही’ हे वाक्य अशा घराबद्दल मालक, शेजारी आणि बिल्डर तिघेही म्हणतात. त्यातल्या बिल्डरचा हेतू तरी समजतो. मला मात्र वाटते, की हे निदानच बहुतेकदा चुकीचे असते. वाडा वयामुळे क्वचित पडतो. तो पडतो पाण्यामुळे, आणि पाणी आत शिरते ते घरात कोणी राहत नाही म्हणून.

या घरांची रचना पाहिली की हे उलगडते. छताचा भार मुख्यतः लाकडी सांगाडा पेलतो. खांब तळखड्यावर उभा असतो, म्हणजे जमिनीची ओल थेट लाकडाला लागत नाही. खांबावर हस्त, हस्तावर तुळई आणि तिच्यावर माळवदाची माती. माळवद गळू नये म्हणून त्यावर वेळोवेळी नवी माती पसरतात, त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या वजन वाढत जाते. पन्हळ तुंबली की ही माती पाणी पिते, ओल भिंतीत उतरते, तिथे शिरलेली तुळईची टोके कुजतात आणि मागोमाग वाळवी येते. राहत्या घरात पहिल्याच पावसात कोणीतरी वर चढून पन्हळ मोकळी करतो. कुलूपबंद घरात ते कोण करणार?

म्हणून दुरुस्तीची सुरुवात छतापासून हवी. जादा माती उतरवायची, पाण्याला वाट द्यायची, मग तुळईला टेकू देऊन खांब तपासायचे. बहुधा खांबाचा फक्त पाय कुजलेला असतो. तेवढा कापून जुन्या सागाचा तुकडा सांध्याने बसवता येतो, अख्खा खांब बदलावा लागत नाही. गिलावा सर्वांत शेवटी, आणि तो चुन्याचा. प्रत्यक्षात लोक उलटे करतात. आधी सिमेंटचा गिलावा आणि रंग, आत ओल तशीच. सिमेंट ती ओल कोंडून ठेवते आणि लाकूड आतून सडते. चुना टिकत नाही असे म्हणणाऱ्याने बीबी का मकबरा नीट पाहावा. त्यात संगमरवर मोजक्याच ठिकाणी आहे, बाकी बराच भाग सतराव्या शतकातल्या चुन्याच्या गिलाव्याचा आहे.

वाडे राखण्यावरचा खरा आक्षेप किल्लारीचा आहे. तिथल्या 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपात हजारो माणसे गेली, आणि माळवदाची धास्ती मराठवाड्याच्या मनात तेव्हापासून बसली. ती अनाठायी नाही. पण तिथे घात केला तो मातीत रचलेल्या जाड, एकमेकांशी न बांधलेल्या दगडी भिंतींनी आणि छताच्या अफाट वजनाने. लाकडी खणांची चौकट धड होती अशा अनेक घरांत भिंती कोसळूनही छत सांगाड्यावर तरले. तेव्हा वजन घटवा, भिंती चौकटीला बांधा, कोपरे आवळा, आणि हे सगळे संरचना अभियंत्याच्या देखरेखीखाली करा. नुसत्या सुताराच्या भरवशावर नको.

खर्च कमी नसतो. साग महाग, चुन्याचे काम जाणणारे गवंडी दुर्मीळ. तरी काम एकेक खण करत काही वर्षांत विभागता येते, तेवढ्यात उरलेल्या घरात कुटुंब राहू शकते. स्लॅबच्या इमारतीत ही मुभा नाही. स्नानगृह आणि शौचालय मात्र मागे स्वतंत्र पायावर बांधावे. लाकडी तक्तपोशीवर ओलीची खोली बांधणे म्हणजे जुना रोग पैशाने विकत आणणे. भाऊबंदकीला मात्र कोणत्याही सुताराकडे सांधा नाही. दहा हिस्सेदार असलेल्या वाड्यात पहिला खर्च सागावर न करता नोंदणीकृत वाटणीपत्रावर केलेला बरा.

पावसाळ्यापूर्वी महापालिका धोकादायक घरांना नोटिसा देते. नोटीस हातात पडली की मालक पाडण्याच्या तयारीला लागतो. वास्तविक महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 264 मध्ये पाडण्याबरोबरच इमारत सुरक्षित करणे आणि दुरुस्त करणे हेही मार्ग दिलेले आहेत. पाडणाऱ्याला बोलावण्याआधी लाकूड आणि चुना जाणणाऱ्या अभियंत्याकडून घर एकदा तपासून घ्या, आणि तोवर निदान पन्हळ तरी साफ करून ठेवा.