एका पॉइंटची गोष्ट

‘बुलढाणा? म्हणजे लोणारचं सरोवर ना?’

पुण्यातल्या ऑफिसात हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय की विचारू नका! कधी लोणार, नाहीतर शेगाव. मलकापूरला ट्रेनमधून उतरून घाट चढावा लागतो, असं सांगितलं की समोरचा विषयच बदलतो. आता मात्र माझ्याकडे झक्कास उत्तर आहे... प्रथमेश जवकार!

२० मे २०२३, शनिवार. मी घरी तोंड पाडून बसले होते. अप्रेझलमध्ये रेटिंग एका पॉइंटने हुकलं होतं ना! तेवढ्यात बाबांचा फोन. ‘अगं, आपल्या गावच्या पोरानं शांघाय जिंकलं!’

तिरंदाजीच्या वर्ल्ड कपची फायनल होती. समोर नेदरलँड्सचा माइक श्लोसर, जगातला नंबर वन. १९ वर्षांच्या प्रथमेशने त्याला १४९-१४८ असं हरवलं. पंधरा बाणांत याचा एक पॉइंट गेला, त्याचे दोन. फरक एवढाच!

हा खेळ कंपाऊंड धनुष्याचा. त्याला टोकांशी चाकं असतात. दोरी पूर्ण ओढली की हातावरचा ताण कमी होतो आणि नेम स्थिर राहतो. सोपं वाटलं? थांबा. लक्ष्य ५० मीटरवर आणि दहा गुणांचं वर्तुळ जेमतेम ८ सेंटिमीटरचं, म्हणजे सीडीपेक्षाही लहान. प्रत्येक बाणाला फक्त २० सेकंद. इथे दहा सगळेच मारतात, त्यामुळे एक नऊ लागला तरी मॅच हातची जाऊ शकते.

आणि ती जातेही. सप्टेंबर २०२३मध्ये मेक्सिकोतल्या हर्मोसियोत वर्ल्ड कप फायनल होती. प्रथमेशने श्लोसरला पुन्हा हरवलं. पण सुवर्णपदकाच्या लढतीत डेन्मार्कच्या मथियास फुलर्टनशी १४८-१४८ अशी बरोबरी झाली. मग एकेक बाण. दोघांचेही दहा, पण फुलर्टनचा मध्याच्या जास्त जवळ. प्रथमेशला रौप्य.

मी असते तर महिनाभर कुढत बसले असते. (रेटिंगवरून बसलेच होते की!) पण त्याच्याकडे महिनाही नव्हता. ५ ऑक्टोबरला हांगझोऊच्या एशियन गेम्समध्ये तो अभिषेक वर्मा आणि नागपूरच्या ओजस देवतळेसोबत उभा होता. समोर दक्षिण कोरिया. स्कोअर २३५-२३०. गोल्ड! तिघांत दोन विदर्भाचे, बरं का!

२०२८च्या लॉस एंजलिस ऑलिंपिकमध्ये कंपाऊंडचा मिश्र सांघिक प्रकार पहिल्यांदाच येतोय. भारतातून कोण जाईल, ते तेव्हा कळेल. माझं म्हणाल, तर एक पॉइंट हुकला की मी आता स्वतःला वीस सेकंद देते. मग पुढचा बाण!