तूट भरायची ती व्यायच्या आधी

गाय व्याली की दूध झपाट्याने वाढते, भूक मात्र काही आठवडे मागे राहते. ही तूट ती अंगावरची चरबी वितळवून भरते. वितळलेली चरबी रक्तातून यकृतात जाते, आणि ती बाहेर पाठवण्यात गाईचे यकृत मुळातच संथ आहे. चरबीचा लोंढा वाढला की ती यकृतातच साचते, रक्तात किटोन चढतात आणि उरलीसुरली भूकही मरते. हीच कितनबाधा. अशा वेळी अनेक गोठ्यांत तेल पाजतात, हल्ली बायपास फॅटही चारतात. ऊर्जा कमी पडते, चरबीत पिठूळ पदार्थांच्या सव्वादोन पट ऊर्जा असते, मग चुकले कुठे? चुकते ते इथे, की व्यालेल्या गाईला सर्वांत मोठी चणचण ग्लुकोजची असते. २० लिटर दुधात जवळपास किलोभर दुग्धशर्करा जाते. ती ग्लुकोजपासून बनते आणि ग्लुकोज मुख्यतः कोटीपोटातले जंतू चारा-धान्यापासून तयार करतात त्या प्रोपियोनिक आम्लातून. चरबीतून ते नावापुरतेच मिळते. सुटे तेल तर चारा पचवणाऱ्या जंतूंनाच मारक ठरते.

बायपास फॅट हा दोष टाळते. कॅल्शियमशी बांधलेली ही चरबी कोटीपोटात जवळजवळ तशीच राहते आणि पुढच्या आम्लधर्मी पोटात सुटते. तिने दूध वाढते, हे प्रयोगांत दिसले आहे आणि ते नाकारण्याचे कारण नाही. पण मिशिगन स्टेट विद्यापीठातील प्रयोगांत, व्याल्यानंतर लगेच पाल्मिटिक आम्ल (हाही बायपास फॅटचाच प्रकार) दिलेल्या गाईंच्या दुधातले फॅट वाढले तसे त्यांचे वजनही जास्त उतरले. म्हणून माझे म्हणणे असे, की गाय पोटभर खाऊ लागेपर्यंत थांबावे. चांगला चारा आणि बेताचा भरडा आधी, बायपास फॅट नंतर. खरा हिशेब तर त्याही आधीचा आहे. शरीरस्थितीच्या पाचाच्या मोजपट्टीवर गाय ३.२५ ते ३.५ अंगाची असताना व्यावी. आटवल्यावर खुराकाने लठ्ठ केलेली गाय व्याल्यावर कमी खाते आणि चरबी जास्त वितळवते. भाकड काळात कडबा भरपूर आणि खुराक मोजका, हे कंजूषपणाचे लक्षण मानू नये. ताज्या व्यालेल्या गाईच्या दुधाचे फॅट एकाएकी चढले तर दर वाढल्याच्या आनंदात राहू नये. फॅट प्रथिनांच्या दीडपट झाले असेल, तर ते बहुधा तिच्या अंगावरून उतरलेले असते. त्याच दिवशी पशुवैद्यकाकडून किटोन तपासून घ्यावेत.