बगळा मोठा झाला, पाणथळ दिसेनाशी झाली

नांदूरमधमेश्वरचे तीसेक वर्षांतले फोटो एकाशेजारी एक मांडले की एक गंमत लक्षात येते. राखी बगळा फ्रेममध्ये सतत मोठा होत गेलाय. नव्वदच्या दशकातल्या स्लाइडवर तो गव्हाच्या दाण्याएवढा आहे. मागे उघडा पडलेला गाळ, पाणकणसाची रांग, पाण्यात बसलेल्या म्हशी, ट्यूबवर बसून जाळं टाकणारा मासेमार. आजच्या फोटोत नुसता बगळा. पिवळ्या डोळ्यातली काळी बाहुली, चोचीच्या टोकाला लोंबणारा थेंब, आणि मागे लोण्यासारखा गुळगुळीत हिरवा रंग. फोटो नांदूरचा, भिगवणचा की भरतपूरचा, हे काढणाऱ्यालाच विचारावं लागतं.

नांदूर मुळात गाळातून जन्मलेलं. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ ब्रिटिश काळात बंधारा झाला, मागे गाळ साचत गेला, त्याची बेटं झाली, बेटांवर गवत-वेली माजल्या आणि पक्षी आले. पाटबंधाऱ्याच्या हिशेबात ज्याला तोटा म्हणतात तो पाणकोंबड्यांच्या पथ्यावर पडला. १९८६ मध्ये अभयारण्य झालं. कॅमेरे घेऊन जाणारे तेव्हा मोजके होते.

फिल्मचा तो काळ आठवून गहिवरणारे पुष्कळ भेटतात. मी त्यातली नाही. फुजीची वेल्व्हिया १९९० साली आली. रंग अप्रतिम, पण स्पीड ५०. निफाडच्या बाजूची थंडी, सकाळचं धुकं, ३०० ची लेन्स, आणि शटर मिळणार फार तर एक-साठांश सेकंद. अशा उजेडात कवड्या खंड्याचं नावच काढायचं नाही. बगळ्याचे फोटो निघायचे कारण बगळा हलत नाही. त्या काळातल्या निम्म्या गाजलेल्या फोटोंचं श्रेय त्याच्या चिकाटीला द्यायला हवं, आमच्या नव्हे. त्यात स्लाइड फिल्म उजेडाच्या बाबतीत कमालीची कडक. गडद पाण्यापुढे पांढरा बगळा असला की मीटर फसायचं आणि पक्ष्याच्या अंगावर एक पीस दिसायचं नाही, नुसता पांढरा भोक पडल्यासारखा आकार. त्यावर राखी बगळ्याचाच उतारा होता. त्याची पाठ म्हणजे निसर्गानं उभं केलेलं ग्रे कार्ड. आधी त्याच्यावर मीटर करायचं, आकडे पक्के धरायचे आणि मग त्याच उन्हातल्या पांढऱ्यांकडे वळायचं.

२००३-०४ च्या सुमारास सहा मेगापिक्सेलचे डिजिटल एसएलआर हौशी माणसाच्या आवाक्यात येऊ लागले आणि रोलची काटकसर संपली. दहाएक वर्षांनी १५०-६०० च्या झूम लेन्स आल्या. खरी उलथापालथ मात्र २०२० नंतरची. कॅमेरा आता पक्ष्याचा डोळा स्वतः शोधतो आणि सोडत नाही. काही कॅमेरे तर बटण पूर्ण दाबण्याआधीचं अर्धं सेकंदही साठवून ठेवतात.

या अर्ध्या सेकंदाची किंमत बगळ्यापुढे बसलेल्यालाच कळते. बगळ्याच्या मानेतला सहावा मणका लांबट असतो. तिथेच मान मुडपलेली असते आणि तिथूनच ती सुटते. तो पाऊण तास उभा राहतो. डोकं किंचित तिरकं होतं, मान इंचभर मागे जाते. हे दिसून आपलं बोट हलेपर्यंत मासा चोचीत आलेला असतो. फिल्मवर त्यामुळे दोनच प्रकारचे फोटो असायचे, आधीचा आणि नंतरचा. चोच पाण्याला टेकतेय तो क्षण जवळजवळ नशिबावर होता. आता तो कुठल्याही होतकरू पोराच्या कार्डात असतो, आणि मला त्याचा मनापासून आनंद आहे.

कोडं वेगळंच आहे. लेन्स इतक्या लांबल्या, तर माणसं मागे सरकायला हवी होती. ती पुढेच येत गेली. भिगवणला, उजनीच्या पाणलोटात, हिवाळ्यातल्या रविवारी रोहितांच्या थव्याभोवती होड्यांचा वेढा पडतो. थवा उडतो, पंखांचा गुलाबी रंग उघडतो, ‘फ्लाइट शॉट’ मिळतो. दोष नावाड्याला देण्याची पद्धत आहे. तो बहुतेकदा मासेमारीतून या धंद्यात आलेला, पाणी आणि पक्षी आपल्याहून जास्त जाणणारा. ‘दादा, जरा उडवा ना’ ही फर्माईश त्याच्या मागच्या फळीवरून येते. थंडीत पक्षी इथे येतो तो खायला. प्रत्येक उड्डाणात त्याची खाण्याची वेळ जाते आणि खाल्लेलंही जळतं. घरट्यांचे फोटो अनेक स्पर्धांनी घेणं बंद केलं तसं मुद्दाम उडवलेल्या थव्यांचंही करावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

नांदूरला चापडगावच्या मनोऱ्यावरून बघायचं, सोबत गावातलाच गाइड आणि त्याची दुर्बीण. ‘पक्षी फार लांब’ ही तिथली नेहमीची तक्रार. लांब आहेत म्हणून आहेत.

२०२० च्या जानेवारीत नांदूरमधमेश्वर रामसर यादीत आल्याचं जाहीर झालं, महाराष्ट्रातली पहिली जागा. गर्दी वाढली, फोटो शेकड्यांनी वाढले. पण जलपर्णी कुठवर पसरली, ऊस काठाच्या किती जवळ आला, कुठलं बेट बुडालं आणि कुठलं नवं वर आलं, हे त्या फोटोंतून कळत नाही. पार्श्वभूमी पुसून टाकणं हीच आता कौशल्याची खूण झालीय. ही माहिती आहे ती जुन्या, फसलेल्या स्लाइडमध्ये. लेन्स आखूड म्हणून नाइलाजानं सगळा परिसर त्यात आलेला.

त्यामुळे अलीकडे मोठ्या लेन्सबरोबर एक साधी ३५ ची लेन्सही पिशवीत असते. मनोऱ्याच्या त्याच कोपऱ्यातून, दर हिवाळ्यात, पाणी-काठ-आकाश सगळं येईल असा एक फोटो घ्यायचा, आणि पाण्याची पातळी वहीत टिपायची. जुन्या स्लाइड बुरशीनं खायला सुरुवात केलीय, तेव्हा स्कॅनिंगही उरकायला हवं. निवडक स्लाइड छापून झाल्या आहेत, त्यांची घाई नाही. ‘पक्षी फार लहान’ असं लिहून बाजूला टाकलेला डबा आधी घेतलाय.