बी पिकते एकीकडे, फुटते दुसरीकडे

रत्नागिरीतल्या काजू फॅक्टरीत बाया हाताला तेल किंवा राख चोळून बी फोडायला बसतात, कारण टरफलातला चीक कातडी जाळतो. पुढ्यातली बी कोकणातलीच असेल असं नाही. देशातल्या कारखान्यांना पुरेल एवढी बी देशात पिकत नाही. बाकीची आफ्रिकेतून येते, त्यात मोझांबिक आणि गिनी-बिसाऊ या पोर्तुगिजांच्या जुन्या वसाहतींतूनही. झाडही पोर्तुगिजांनीच सोळाव्या शतकात ब्राझीलहून इकडे आणलं. तिथल्या तुपी लोकांचा ‘अकाजू’ आपल्याकडे काजू झाला.

मोझांबिक २५ जून १९७५ रोजी स्वतंत्र झाला. त्याच्या आगेमागे जगात सर्वाधिक काजू तिथे पिकत होता आणि बी फोडणारे कारखानेही तिथेच उभे होते. पोर्तुगीज मालक आणि तंत्रज्ञ देश सोडून गेले. स्थानिकांना त्यांनी शिकू दिलंच नव्हतं, तेव्हा यंत्रं चालवणार कोण? त्यात १९७७ ते १९९२ यादवी. झाडं म्हातारी झाली, नवी लागली नाहीत. शांतता आली तशी जागतिक बँकेची अट आली: कच्च्या बीवरचा निर्यात कर उतरवा, शेतकऱ्याला दर मिळेल. शेतकऱ्याच्या हाती फार काही पडलं नाही. बी मात्र थेट भारताकडे निघाली, मोझांबिकमधले कारखाने बंद पडले आणि हजारो कामगार घरी बसले. १९९९ मध्ये संसदेने कर पुन्हा वाढवला, तोवर उशीर झाला होता. त्यांची गेलेली मजुरी आपल्याकडच्या बायांच्या हाती आली, हे मला विसरता येत नाही.

गिनी-बिसाऊची गत आणखी वाईट. स्वातंत्र्यलढ्याचे नेते आमिल्कार काब्राल यांची जानेवारी १९७३ मध्ये हत्या झाली, त्याच वर्षी देशाने स्वातंत्र्य जाहीर केलं आणि १९८० मध्ये पहिल्या अध्यक्षांना लष्करी बंडाने हटवलं. निवडून आलेल्या अध्यक्षाने मुदत पुरी केली ती थेट २०१९ मध्ये. निर्यातीच्या कमाईत सुमारे ९० टक्के वाटा एकट्या काजूचा, तोही बहुतेक कच्चा. शेतकरी बी देऊन तांदूळ नेतो. उद्या कोणाचं सरकार असेल याचा भरवसा नाही, तिथे कारखान्यात पैसा कोण घालणार?

गोवाही पोर्तुगिजांचीच वसाहत, पण त्याचं नशीब वेगळं. डिसेंबर १९६१ मध्ये तो मुक्त झाला तेव्हा त्याची सीमा आपल्या रत्नागिरी जिल्ह्याला भिडत होती. सिंधुदुर्ग वेगळा झाला १९८१ मध्ये. १९६३ मध्ये निवडणूक, भाऊसाहेब बांदोडकरांचं सरकार, १९६४ मध्ये कूळ कायदा. पाठीशी मोठा देश आणि त्याची बाजारपेठ होती. मोझांबिकला यातलं काहीच मिळालं नाही.

आयात बी आली की दर पडतो, ही कोकणातल्या बागायतदाराची तक्रार खरी आहे. पण ती बी विकणाराही सुखात नाही. इथे झाडाला मोहोर धरू लागतो, तेव्हा मोझांबिकच्या नाम्पुला प्रांतात झाडाखाली पडलेली बी वेचली जात असते, आणि तिचा दर वेचणाऱ्याच्या हातात नसतो.