मनमाड ते तंबू: लहान मुलांना घेऊन नेपाळमध्ये कमी खर्चात कॅम्पिंग

ज्यांना कानात इयरफोन घालायची सोय नाही, त्यांच्यासाठी या भागाचा लिखित मजकूर. बोलताना जिथे भरकटलो ते काढलंय, दोन-तीन ठिकाणी हिशेब जास्त नीट लिहिलाय.

प्रश्न बऱ्याच जणांचा सारखाच होता. लहान मुलं आहेत, बजेट कमी आहे, पण एकदा तरी देशाबाहेर जायचंय आणि तंबूत राहायचंय. जमेल का? जमतं. आम्ही गेल्या मार्चमध्ये, होळी झाल्यावर, मालेगावहून सहा जण जाऊन आलो. मी, बायको, आमची चार वर्षांची मुलगी, दादा, वहिनी आणि त्यांचा सात वर्षांचा मुलगा. अकरा दिवस लागले, त्यातल्या तंबूतल्या रात्री फक्त दोन. खर्च सहा जणांचा मिळून सत्तर हजारांच्या आत.

तुम्ही म्हणाल, अकरा दिवसांत दोनच रात्री, मग हे कसलं कॅम्पिंग? त्याचं कारण पुढे येईलच. आधी देश कसा ठरला ते सांगतो, कारण पैसे वाचतात किंवा बुडतात ते तिथेच.

यूट्यूबवर फॅमिली कॅम्पिंग म्हटलं की युरोप दिसतं. हिरवं कुरण, तळं, शेजारी गाडी. पण शेंगेन व्हिसाची नुसती फी मोठ्या माणसाला 90 युरो, सहा ते अकरा वर्षांच्या मुलाला 45, सहाच्या आतल्याला माफ. आमच्या सहा जणांचे 405 युरो, म्हणजे चाळीस हजारांच्या आसपास रुपये, आणि अजून आपण मालेगावातच! मग भूतान बघितलं. भारतीयांना व्हिसा नाही, पण दर माणशी दर रात्री 1200 रुपये शाश्वत विकास शुल्क आहे. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला निम्मं, त्याखाली माफ. आमच्यासाठी रात्रीचे 5400. आठ रात्री राहिलो तर 43,200, जेवण-खोली वेगळी. भूतान महाग ठेवलाय तो मुद्दाम, गर्दी नको म्हणून. त्यांचं बरोबर आहे, आपल्या खिशाचंही बरोबर आहे.

नेपाळला यातलं काहीच नाही. 1950 च्या मैत्री करारापासून भारतीयांना व्हिसा लागत नाही, आणि मुख्य म्हणजे तिथे ट्रेन आणि बसने जाता येतं. मुलं असली की विमानाचं तिकीट घराची माणसं मोजत जातं. दोन वर्षांच्या पुढच्या मुलाची सीट जवळपास मोठ्यांच्याच दरात पडते. ट्रेनमध्ये पाच वर्षांच्या आतलं मूल फुकट, फक्त त्याला वेगळा बर्थ मिळत नाही. पाच ते बारा वयात बर्थ घेतला तर पूर्ण भाडं, नाही घेतला तर अर्धं. आम्ही पुतण्याचा बर्थ घेतला. अर्धे पैसे वाचवून एका दिवस-रात्रीच्या प्रवासात सात वर्षांचं पोरगं मांडीवर घेणं म्हणजे बचत नव्हे.

मालेगावला रेल्वे नाही, पण पस्तीस-चाळीस किलोमीटरवर मनमाड आहे आणि मुंबईहून गोरखपूरला जाणाऱ्या काशी आणि कुशीनगर या दोन्ही एक्सप्रेस तिथे थांबतात. आता इथे एक गोष्ट नीट ऐका. दिवाळीची सुट्टी आणि पोखऱ्याची स्वच्छ हवा एकाच वेळी येते, म्हणून सगळे दिवाळीत प्लॅन करतात. पण दिवाळीपासून छठपूजेपर्यंत या गाड्यांमध्ये पाय ठेवायला जागा नसते, कारण मुंबई, भिवंडी, नाशिकचा अख्खा कामगारवर्ग घरी निघालेला असतो. त्यांचा वर्षाचा एकच सण, आपण त्या गर्दीत पर्यटक म्हणून घुसायचं कशाला? मूल पहिलीच्या आत किंवा आसपास असेल तर शाळा आठवडा-दीड आठवडा बुडाली तरी चालते. ही सोय वापरा. होळीनंतर जाताना तिकीट सहज मिळतं, अडचण परतीची असते, कारण तेव्हा लोक कामावर परतत असतात. आरक्षण 60 दिवस आधी उघडतं. आम्ही परतीची तारीख आधी पक्की केली आणि तिच्यावरून उलटं मोजत सगळा प्लॅन लावला.

आता कागदपत्रं. नेपाळसाठी मोठ्या माणसाला पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र लागतं. आधार कार्ड चालत नाही. हे वाचून थांबा आणि घरात कोणाकडे काय आहे ते बघून या, कारण आमच्याकडे इथेच घोळ झाला. वहिनींचं मतदार कार्ड माहेरच्या पत्त्यावर, माहेरच्या नावाने. त्या म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही जाऊन या सगळे, मी थांबते घरी." म्हणजे कागदापायी घरातलं एक माणूस मागे राहणार, आणि ते नेहमी कोण असतं ते आपल्याला माहीत आहे. एकत्र जाणाऱ्या कुटुंबाला यात सवलत आहे. एका मोठ्या माणसाकडे योग्य कागद असला तर बाकीच्यांना नात्याचा पुरावा देणारं फोटो ओळखपत्र चालतं. पण सीमेवरच्या खिडकीत मुलं कडेवर घेऊन नियम समजावून सांगायची माझी तयारी नव्हती. आम्ही फॉर्म 8 भरून त्यांचं नाव-पत्ता बदलून घेतला. वेळ लागतो, म्हणून हे काम तिकिटाच्याही आधी करा. पंधरा वर्षांखालच्या मुलांना फोटो असलेलं ओळखपत्र पुरतं, तिथे आधार चालतं. पाच वर्षांखालच्यांचं निळं बाल आधार आम्ही नेलं, सोबत जन्मदाखला. मूल एकाच पालकाबरोबर जाणार असेल तर जन्मदाखला विसरूच नका.

प्रवासाचा आमचा नियम एकच होता, दिवसाला एक मोठी हालचाल. गोरखपूरला उतरलो, तिथून बसने सुमारे तीन तासांत सोनौली, पायी सीमा ओलांडली, आणि त्याच दिवशी पोखरा गाठायचा हट्ट न करता लुंबिनीत दोन रात्री राहिलो. बुद्धाचं जन्मस्थान, अशोकाचा स्तंभ, देशोदेशीचे विहार, आणि मुलांच्या भाषेत सांगायचं तर पळायला खूप जागा. मग दिवसाच्या बसने पोखरा. बुटवलच्या पुढे रस्ता वळणावळणाचा आहे. मुलगी तीनदा ओकली. पुढची सीट, रिकामं पोट नाही आणि भरलेलंही नाही, आणि हाताशी पिशव्या. उलटीच्या औषधाचा डोस मुलांच्या डॉक्टरांकडून वजनाप्रमाणे लिहून घ्या, मोठ्यांची गोळी अर्धी करून देऊ नका. ट्रेनसाठी आईने दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली होती, ती गोरखपूरपर्यंत पुरली. पुढे नेपाळात दाळभात. भात आणि डाळ पुन्हा वाढतात, त्यामुळे दोन थाळ्यांत दोन मुलं आणि एक मोठा माणूस निवांत जेवतो.

पैशांचं सोपं आहे. एक भारतीय रुपया म्हणजे 1.60 नेपाळी, हा दर बांधलेला आहे. दुकानदार भाव सांगतो तेव्हा विचारायचं, "आयसी की एनसी?" आयसी म्हणजे भारतीय, एनसी म्हणजे नेपाळी. 800 एनसी म्हणजे 500 आयसी. आठाने भागा, पाचाने गुणा. नोटा शंभराच्या न्या. 2018 च्या डिसेंबरात नेपाळने त्याहून मोठ्या भारतीय नोटा बंद केल्या होत्या आणि यातले नियम बदलत असतात, शंभराची नोट मात्र कुठेही चालते. मार्च 2024 पासून फोनपेच्या क्यूआरवर यूपीआयही सुरू झालंय. (हे नेपाळचं फोनपे, आपल्या ॲपशी नावापुरतंच साम्य.) पण डोंगरात रोखच धरून चला. आणि हो, तुमची नेहमीची मेडिक्लेम बहुतेक करून फक्त भारतात चालते, तेवढं पॉलिसीत बघून घ्या.

आता तंबू. जागा निवडली ऑस्ट्रेलियन कॅम्प. गावकऱ्यांचं नाव थुलो खर्क, म्हणजे मोठं कुरण. उंची साधारण 2000 मीटर. आपला साल्हेर 1567 आणि कळसूबाई 1646, म्हणजे त्याहून थोडंच वर. हे मुद्दाम. उंचीचा त्रास बहुधा 2500 मीटरच्या पुढे सुरू होतो, आणि चार वर्षांच्या मुलीला डोकं दुखतंय की भूक लागलीय हे नेमकं सांगता येत नाही. मग त्या उंचीवर जायचंच कशाला? इथूनही समोर 6993 मीटरचं माच्छापुच्छ्रे उभं दिसतं. पोखऱ्याहून बसने कांडे, तिथून चढ. मोठी माणसं दीड तासात जातात, आम्हाला तीन लागले. हा भाग अन्नपूर्णा संवर्धन क्षेत्रात येतो, त्यामुळे परवाना काढावा लागतो. सार्क देशांच्या नागरिकांना 1000 नेपाळी, दहा वर्षांखालच्या मुलांना माफ.

तंबू आपण न्यायचा नाही. तिथे लावलेले भाड्याने मिळतात, आणि दहा पावलांवर लॉजच्या खोल्या असतात. आम्ही दोन तंबूंबरोबर एक खोलीही घेऊन ठेवली. दादा म्हणाला, "दोन्हीचे पैसे कशाला?" ते पैसे मुलांचं काही बिनसलं तर रात्री भिंतीआड जाता यावं म्हणून होते. माझ्या मते लहान मुलांच्या कॅम्पिंगमध्ये हाच खर्च सगळ्यात शहाणा. दोनच रात्री का, याचं उत्तरही हेच. दोन रात्री मुलं मजेत काढतात, तिसऱ्या रात्री मोठ्यांची हौस सुरू होते.

थंडीचं गणित समजून घ्या. दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. पोखरा 820 मीटरवर, म्हणजे कॅम्पवर सात-आठ अंश कमी. लहान शरीर मोठ्यापेक्षा लवकर गार पडतं. आणि लोक पांघरुणावर पैसे घालतात, पण गारवा खालून येतो. स्लीपिंग बॅग ऊब देते ती आत अडकलेल्या हवेमुळे. अंगाखाली ती दबली की हवा गेली, ऊब गेली. म्हणून मुलांच्या खाली दोन जाड फोमच्या चटया, वर एक पांघरूण कमी असलं तरी चालेल. मूल गारठलंय का हे हातापायांवरून बघू नका, ते गार असतातच. मानेमागे किंवा छातीवर हात ठेवा. आणि तंबूत शेगडी, कोळसा, काहीही पेटवायचं नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतच माणूस जातो.

याची रंगीत तालीम आम्ही घरच्या गच्चीवर केली होती. मित्राचा तंबू आणला, मुलांना त्यात झोपवलं, दोघं ढाराढूर. टेस्ट पास! पण सॉफ्टवेअरवाल्यांना माहीत आहे, टेस्टिंग वेगळं आणि प्रॉडक्शन वेगळं.

कॅम्पवर पहिल्या रात्री बारा-साडेबाराला मुलगी उठून रडायला लागली. मानेमागे हात लावला, ऊबदार होती. सू नाही, भूक नाही. शेजारच्या तंबूत पुतण्याही टक्क जागा. शेवटी ती म्हणाली, "पप्पा, आवाज कुठे गेला?"

आमच्या घराला लागून दादाचे यंत्रमाग आहेत. रात्रंदिवस खटखट, ही दोन्ही पोरं जन्मापासून त्यातच झोपलेली. शुक्रवारी माग बंद असतात तेव्हा ती उशिरा झोपतात, हे आम्ही चार वर्षं बघत होतो, पण कधी जोडून पाहिलं नव्हतं. गच्चीवरची तालीम झाली ती गुरुवारी, माग चालू असताना. डोंगरात काहीच आवाज नव्हता, आणि त्या शांततेलाच ती घाबरली होती.

वहिनींना आठवलं, मिस्त्रीला बिघाड दाखवायला दादाने मोबाइलवर मागाचा व्हिडिओ काढला होता. सव्वा मिनिटाचा. तो हळू आवाजात, पुन्हा पुन्हा लावून दोघांना एकाच तंबूत मध्ये घेतलं. पाच मिनिटांत झोपली. दादा तंबूबाहेर मोबाइल धरून बसला होता. "सुट्टीला आलो तर इथेही माग चालू," म्हणाला.

पहाटे तीनच्या पुढे गारठा वाढला तेव्हा मुलांना उचलून खोलीत नेलं. उजाडायला परत बाहेर आणलं, डोंगर लाल होताना दाखवला. मुलगी दोन मिनिटं बघून म्हणाली, बिस्कीट दे.

तेव्हा तुमच्या मुलाला रोज झोपताना काय लागतं, ते आत्ताच रेकॉर्ड करून ठेवा. पंख्याची घरघर असेल, आजीचं बोलणं असेल, रस्त्यावरची वाहनं असतील. फोनमध्ये सेव्ह करा, क्लाउडवर नको, वर नेटवर्कचा भरवसा नाही. पॉवर बँक रात्री अंथरुणात ठेवा, थंडीत बॅटरी लवकर उतरते.

दोन वर्षांच्या आतल्या बाळांबद्दलही विचारलं होतं. माझं मत, तंबू नको. लुंबिनी आणि पोखरा करा, कांडेचा चढ पुढच्या वेळी. खर्चाची शीट या भागाच्या वर्णनात जोडली आहे, त्यात आमचे आकडे काढून तुमचे टाका. भेटू पुढच्या भागात.